मागच्या सीटवरून ताम्हिणी

ताम्हिणी घाट आम्ही किती वेळा केला, ते मला सांगता येणार नाही. आजवर आमच्या घरी चार गाड्या झाल्या आणि चारही या घाटातून गेल्या. या वेळचं जाणं वेगळं होतं ते एवढ्यासाठीच, की गाडी मी चालवत होते. ज्यांनी हा घाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लिहायला बसले, तेव्हा लक्षात आलं, की यातल्या बऱ्याच रस्त्याचं वर्णन मला नवऱ्याला विचारून लिहावं लागणार आहे.

माझा नवरा म्हणजे शरद. लिहिताना नाव घेते, समोर 'अहो'च. आम्ही मूळचे बार्शीचे. शरद आधी साखर कारखान्यात केमिस्ट होते, मग पुण्याला एका कंपनीत आले. मी शाळेत भूगोल शिकवत होते. निवृत्त झाल्यावर मुलानं हिंजवडीत घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मुलगा आता बंगळूरला असतो, मुलगी नागपूरला.

गेल्या हिवाळ्यात शरदच्या उजव्या डोळ्याचा पडदा बिघडला. उपचार झाले, पण त्या डोळ्याला आता कडेचं दिसतं आणि मधलं दिसत नाही. समोर माणूस उभा असेल तर त्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. शरदनी मान हलवली आणि पुढच्याच आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला आरसा घासून वर आले. त्या दिवशी त्यांनी किल्ली फ्रिजवर ठेवली, ती पुन्हा उचलली नाही.

मी पन्नाशीत गाडी शिकले होते. भाजी, दवाखाना, आणि रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना कासारसाईच्या धरणापर्यंत. त्यापलीकडे मी कधी गेले नव्हते. शरद शेजारी बसायचे आणि त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक सारखा दाबत असायचा. सप्टेंबरमध्ये एके दिवशी ते म्हणाले, "गाडी काढून टाकू." आमच्याच इमारतीत नांदेडकडचा एक तरुण राहतो, आयटीत आहे. त्याच्याशी बोलणंही झालं होतं. तो रविवारी गाडी बघायला येणार होता.

मी म्हटलं, "द्यायची तर द्या. पण त्याआधी एकदा ताम्हिणीला जाऊन येऊ."

"कोण चालवणार?"

"मी."

"कासारसाई वेगळं, सुधा. घाट वेगळा."

"म्हणूनच जायचं. घाट जमला तर गाडी ठेवू. नाही जमला तर रविवारी त्या मुलाला देऊन टाकू."

बुधवारी सकाळी मी डबे भरत होते तोवर ते खाली जाऊन चारही टायर अंगठ्यानं दाबून आले होते.

बुधवार, पौड

हिंजवडीतून बाहेर पडायचं तर कंपन्यांच्या कॅब सुरू व्हायच्या आत. माण, घोटावडे करत आम्ही पौडला पोचलो तेव्हा दुकानं नुकती उघडत होती. तोवरच्या रस्त्यात एक गोष्ट नीट कळली. ही आमची राखाडी गाडी मुलाच्या आग्रहानं घेतलेली, चारांतली सगळ्यात मोठी. माझी उंची बेताची. सपाट रस्त्यावर काही वाटत नाही, पण जरा चढ आला की मला बॉनेट दिसायचं आणि आभाळ दिसायचं, मधला रस्ता नाहीसा व्हायचा.

बाजारपेठेत गादीचं दुकान दिसलं. दुकानदार शब्बीरभाई आणि त्यांची बायको नूरजहाँ दोघंही कापूस भरत बसले होते. मी उशी मागितली.

"झोपायला का बसायला?" शब्बीरभाईंनी विचारलं.

"बसायला. गाडी चालवताना खाली घ्यायला."

"मग मऊ न्हाई चालायची. मऊ उशीत माणूस रुततो, परत जिथल्या तिथं. दमानं घ्या, टणक भरून देतो."

नूरजहाँबाईंनी हातातलं काम थांबवून गाडीकडे बघितलं, मग शेजारी उभ्या असलेल्या शरदकडे. "कुटवर निघालाय?"

"ताम्हिणीला."

"आन तुमी चालवताय?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलं का? आमाला अजून स्कुटी द्यायची ह्यांची तयारी न्हाई."

"तुला दिली की तू माहेरीच राहशील," शब्बीरभाई म्हणाले. ते दोघं हसले, आम्हीही हसलो. शरद मात्र हसून झाल्यावर गाडीत जाऊन बसले.

मुळशीचं पाणी

पौड सोडलं की भातखाचरं सुरू होतात. सप्टेंबर होता, लोंब्या भरायला लागल्या होत्या. आमच्या बार्शीकडे शेत म्हटलं की लांबच लांब सपाट काळं रान. इथली खाचरं एखाद्या अंगणाएवढी, एकाखाली एक उतरत गेलेली, आणि एकातलं पाणी दुसऱ्यात सोडायला बांधाला हातभर खाच. भूगोलाच्या तासाला मी ही उतारावरची शेती फळ्यावर काढून दाखवायचे. ती मला पहिल्यांदा प्रत्यक्ष दाखवली आमच्या पहिल्या गाडीनं.

तिला आम्ही 'पांढरी' म्हणायचो. दुसऱ्याची वापरून झालेली, चौकोनी, आणि गिअर स्टेअरिंगच्या दांड्यालाच. तिच्या तळाच्या पत्र्याला भोक होतं. डबक्यातून गेलं की आत कारंजं उडायचं. मुलं पाय वर घेऊन बसायची आणि तशी गंमत इतरांच्या गाडीत नाही, म्हणून इतरांच्या गाडीला नावं ठेवायची. मुळशीच्या चढाला पांढरी हमखास तापायची. शरद बॉनेट उघडून उभे राहायचे, मी जेवणाचे डबे रिकामे करून ओढ्यावरून पाणी आणायचे. वाफ निवेपर्यंत तासभर तरी जायचा. त्या तासांत मी हा सगळा भाग पायी हिंडून पाहिला.

पुढे 'डबी' आली. लाल, छोटी, आमची पहिली कोरी गाडी. पेढे वाटले, चाकाखाली लिंबू ठेवलं. सीटवरचं प्लास्टिक शरदनी कितीतरी दिवस काढू दिलं नाही. उन्हाळ्यात मुलं घामानं सीटला चिकटायची आणि उतरताना चर्रर्र आवाज यायचा. डबी तापली नाही, थांबली नाही, त्यामुळे तिच्यातून आम्ही कुठेही मधे उतरलो नाही.

प्रत्येक गाडीत माझी जागा तीच, शरदच्या डावीकडे. सगळा महाराष्ट्र मी डाव्या खिडकीतून पाहिला. जाताना डोंगर माझ्या बाजूला असायचे, येताना धरणाचं पाणी. दोन्ही जोडून माझा घाट पुरा व्हायचा. शरद काय बघत असतील, याचा मी कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी उजव्या हाताला एवढं मुळशीचं पाणी पसरलं होतं, आणि मला दिसले ते खड्डे, पांढरी पट्टी आणि समोरून येणारे दुधाचे टेम्पो.

घाटात

माळे गाव मागे पडलं आणि पाऊस वाढला. मग धुकं आलं. धुकं आलं म्हणजे हळूहळू आलं असं नाही. एका वळणाच्या अलीकडे रस्ता होता, पलीकडे नव्हता.

"दिवे लाव," शरद म्हणाले. लावले होते. "हॉर्न दे. दुसऱ्यावर घे. डावीकडे हो. एवढी नको!"

वळणावर समोरून एसटी आली. मी थांबले. एसटी गेली, आणि मला चढावर गाडी पुन्हा उचलायची होती. क्लच सोडला, गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली, आणि या वेळी मागे सरकायला लागली. मागे मोटारसायकलवाल्यांचा घोळका होता, त्यांनी आरडाओरडा सुरू केला. माझा पाय ब्रेककडे जातच होता, तेवढ्यात शरदनी एका हातानं हँडब्रेक ओढला आणि दुसऱ्या हातानं स्टेअरिंग धरून फिरवलं. गाडी थांबली ती मागचं डावं चाक गटारात उतरवून.

मोटारसायकलवाले भली पोरं निघाली. शिव्या देऊन झाल्यावर त्यांनीच उतरून ढकललं आणि चाक वर आलं. पुढे थोडी रुंद जागा होती, तिथे मी गाडी बाजूला घेतली. मला भीती वाटली होतीच, पण रागही आला होता.

"मागे बसा," मी म्हटलं.

"काय?"

"तुम्ही मागच्या सीटवर बसा. नाहीतर आपण इथून परत फिरू."

"अगं, मी धरलं नसतं तर..."

"तुम्ही स्टेअरिंग धरलंत म्हणून चाक गटारात गेलं. मला ब्रेक मारता येतो. मागे बसा."

शरद उतरले. दार लावून पावसात तसेच उभे राहिले, कठड्याकडे तोंड करून. मी हाक मारली नाही. बराच वेळ वायपर फिरत राहिला. मग मागचं दार उघडलं, ते आत बसले आणि दार लावलं. इतक्या वर्षांत, चार गाड्यांमध्ये, शरद स्वतःच्या गाडीत मागे बसल्याचं मला आठवत नाही.

मी हँडब्रेक ओढून ठेवला, क्लच हळूहळू सोडला, गाडीनं जोर धरल्यासारखं वाटलं तेव्हा हँडब्रेक सोडला. गाडी निघाली.

कितीतरी वळणं गेली. मग मागून आवाज आला, "हा धबधबा कधीपासून आहे?"

"कुठला?"

"डावीकडे. मधे कातळावर एक झाड आहे. पाणी झाडावर पडतं आणि दोन बाजूंनी फुटतं."

"तो पहिल्यापासून आहे. आपण पांढरी घेऊन आलो होतो तेव्हाही होता. मुलं त्याला वेणी म्हणायची."

"मी पाहिलाच नाही कधी." पुढच्या वळणावर म्हणाले, "सुधा, मला रस्ता दिसत नाहीये. पण कडेचं सगळं दिसतंय."

इथून ताम्हिणी गावापर्यंतचं वर्णन त्यांचं आहे, मी फक्त लिहून घेतेय. दरडीवर सोनकीची पिवळी फुलं इतकी, की खडक मधेमधेच दिसतो. ओल्या कातळाला चिकटून गुलाबी तेरडा. एका ठिकाणी म्हशी रस्त्याकडे पाठ करून दरीत बघत उभ्या, जणू खाली काहीतरी चाललं आहे. धुकं दरीतून वर येतं, रस्ता ओलांडतं आणि डोंगरावर चढून जातं. मला विचाराल तर रस्त्याला वळणं फार होती आणि मी दुसरा गिअर सोडला नाही.

पारूबाईंकडे

ताम्हिणी गावात पारूबाईंचं घर आहे, पुढे चार टेबलांचा ढाबा आणि मागे राहायला दोन खोल्या. मी गाडी लावली आणि पारूबाई छत्री घेऊन मागच्या दाराशी गेल्या. साहेब मागे बसले आहेत म्हणजे पुढे ड्रायव्हर असणार, असा त्यांचा समज. पुढचं दार उघडून मी उतरले तेव्हा त्या बघतच राहिल्या.

"तुमी चालवत आलात व्हय? आन साहेब मागं?"

मी शरदकडे पाहिलं नाही. "साहेबांना आता कमी दिसतं," मी म्हटलं. परक्या माणसासमोर हे आम्ही पहिल्यांदाच बोललो होतो.

"मग हाय की तुमी चालवायला," पारूबाई म्हणाल्या. "चला आत. भिजू नका."

जेवायला तांदळाची भाकरी, खेकड्याचा रस्सा आणि कुर्डूची रानभाजी. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, आणि रश्श्यात काळा मसाला नसेल तर त्याला आम्ही रस्सा म्हणत नाही. इथला रस्सा खोबऱ्याचा, पातळ, पण तिखट असा की शरदनी डोळे पुसले. दोघांनी पुन्हा मागून घेतला.

पारूबाईंचे मालक किसनभाऊ पडवीत बसून होते. पाऊस चालूच होता आणि ते म्हणत होते, "आज उघाड हाय." आमच्या बार्शीत एवढ्या पावसात शाळा सोडतात.

अंगणात पत्र्याखाली त्यांची जुनी जीप उभी होती. टायर बसलेले, सीटवर गवत, गवतात कोंबड्या. किसनभाऊंनी पुष्कळ वर्षं ती ताम्हिणी ते पौड चालवली. कोंबडं, पोतं, नवरी, आजारी माणूस, सगळं तिच्यातून गेलं. गुडघे गेल्यावर त्यांनी ती इथे लावली. शरद कोंबड्या बाजूला सारून तिच्यात जाऊन बसले, किसनभाऊ शेजारी बसले. दोघांचं बोलणं मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. शरद निळीची गोष्ट सांगत होते.

निळी म्हणजे आमची तिसरी. डिकीत गॅसची टाकी, त्यामुळे सगळं सामान मांडीवर. तिचं मागचं दार आतून उघडायचं नाही. मुलीच्या लग्नात तिला कार्यालयापर्यंत निळीतून नेलं, आणि दार उघडेना म्हणून शरद धावत वळसा घालून गेले, बाहेरून दार उघडून वाकून उभे राहिले. व्याही मंडळी भारावली. लेकीला काय मान देतात, म्हणाली. आम्ही दुरुस्ती न केल्याचं कुणाला सांगितलं नाही.

किसनभाऊ मोठ्यानं हसले. "इकली का मग?"

"विकली. तुम्ही का नाही विकली ही?"

"इकून काय करू? हितं असली की बरं वाटतं बघा." मग म्हणाले, "पण खरं सांगू का, चालती असती तर लई बरं वाटलं असतं."

गुरुवार

सकाळी उठल्यावर शरद म्हणाले, "गाडी अशी उभी करून ठेवण्यात काही अर्थ नाही." मी भांडी घासत असलेल्या पारूबाईंशी बोलत होते, ते वाक्य मी ऐकून ठेवलं. उभी करून ठेवायची नाही म्हणजे विकायची, असा मी त्याचा अर्थ लावला. काल चाक गटारात गेलं होतंच.

तरी ठरल्याप्रमाणे आम्ही घाट उतरून कोकणाच्या बाजूला गेलो. शरद स्वतःहूनच मागे बसले. उतार मला चढापेक्षा सोपा वाटला. गाडी बंद पडायची भीती नव्हती, फक्त धरून ठेवायची होती. खाली पोचलो तर ऊन पडलेलं आणि अंगाला घाम. ताम्हिणीत स्वेटर, इथे सगळ्यांचे हात उघडे. चहा प्यायलो, दोन शहाळी घेतली आणि परत वर. धुकं तसंच होतं, चढावर टँकर अडकलेला, त्याच्यामागे मला तीन-चारदा थांबून गाडी उचलावी लागली. एकदाही बंद पडली नाही. मागून काही सूचना आली नाही. शरद माकडं बघत होते.

दुपारी पारूबाईंनी मला तांदळाची भाकरी शिकवली. ती थापण्यात ज्वारीचा हात उपयोगी पडत नाही, उकडीचं पीठ बोटांना चिकटतं. माझी पहिली भाकरी तव्यावर दुमडली. "ऱ्हाऊ द्या, कोंबड्यांना व्हईल," पारूबाई म्हणाल्या. शरद त्या वेळी कुठेतरी बाहेर गेले होते, ते भिजून परत आले.

शुक्रवार, परत

येताना मुळशीचं पाणी शरदच्या बाजूला होतं. मधे बेटासारखी झाडं वर आलेली आहेत, आणि पाण्याचा रंग मातीचा नाही तर पानाचा आहे, असं त्यांनी सांगितलं. मी मान वळवली नाही, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही. गाडी चालवण्यातही मजा असते, हे मला आमच्या चौथ्या गाडीत कळलं.

हिंजवडीत शिरलो ती ऑफिसं सुटायची वेळ. चौकात गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. डावीकडून एक कॅब घुसली, मी ब्रेक मारला, आणि पत्र्यावर नखं ओढल्यासारखा आवाज आला. मागचं दार घासलं गेलं.

कॅबवाला उतरला. माझ्याकडे न येता सरळ मागच्या काचेशी गेला. "अंकल, मॅडमने एकदम ब्रेक मारा. मेरी गलती नहीं है."

मी आरशात पाहिलं. पूर्वी अशा वेळी शरद बाह्या सरसावून खाली उतरलेले असायचे. गाडीवर ओरखडा आला तर त्यांना जेवण जायचं नाही.

ते बसूनच राहिले. काच पूर्ण खाली केली आणि म्हणाले, "मुझसे क्या बोल रहे हो? गाडी उनकी है. उनसे बात करो."

कॅबवाला वळसा घालून माझ्याकडे आला. मी उतरले, दार पाहिलं, त्याचा मोडलेला आरसा पाहिला. चूक त्याची होती आणि ते मी त्याला नीट सांगितलं, मास्तरीण सांगते तसं. मागचे हॉर्न ऐकून तो शेवटी म्हणाला, "सॉरी मॅडम." मी म्हटलं, "जाओ." तो गेला.

गाडीत बसल्यावर शरदनी विचारलं, "केवढा आहे?"

"हातभर."

"रंगवून घ्यायचा का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी विचार केला. "राहू दे."

"बरं."

पुढची गाडी जरा सरकली, मीही सरकले. "रविवारी त्या मुलाला काय सांगायचं?" मी विचारलं.

"त्याला काल फोन केला. तू भाकरी करत होतीस तेव्हा. घराजवळ रेंज नव्हती, वरच्या टेकाडावर जावं लागलं."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, बाबा, तू दुसरी बघ. ही आम्हाला अजून लागते."

मागच्यानं हॉर्न दिला. समोर रस्ता मोकळा झाला होता. मी पहिला गिअर टाकला.